पैलवान आणि टाचणी

"पण वस्ताद, तालमीत तुमीच शिकवलं न्हवं, पैलवानानं 'दुकतंय' म्हनायचं न्हाई?"

खरं सांग म्हणून मागं लागलेले रंगराव वस्ताद खाटेजवळ सरकले.

त्यांचा पठ्ठा संताजी दवाखान्याच्या खाटेवर उताणा पडला होता. महिन्यापूर्वी कुस्तीत मान मुरगळली, मणक्यातल्या मज्जारज्जूला मार बसला आणि पाय हलेनासे झाले.

डॉक्टर तांबोळीबाई रोज त्याच्या तळपायाला टाचणी टोचून विचारायच्या, "टोचतंय?"

"न्हाई."

कागदावर तेच लिहिलं जायचं. आज बाईंनी वस्तादांना स्पष्टच सांगितलं, जाणीव उरलीच नसेल तर पुन्हा उभं राहणं फार अवघड. थोडी जरी असली, तर आशेला जागा आहे.

पण आज टाचणी लागताना संताजीचा जबडा आवळला, ते वस्तादांनी पाहिलं होतं. पठ्ठ्यांची तोंडं वाचण्यात त्यांची हयात गेली होती.

"पायात काय हुतंय? खरं सांग."

संताजीनं नजर चुकवली.

"संताजी!"

"मिरची चोळल्यागत आग हुतीया... दिसभर." त्याचे डोळे भरले. "पर सांगू कसं? समदी तालीम हसंल."

वस्तादांना स्वतःचाच राग आला. हे खूळ त्याच्या डोक्यात त्यांनीच भरलं होतं.

त्यांनी पायताण काढलं, खाटेपाशीच उभ्या असलेल्या बाईंच्या हातातली टाचणी घेतली आणि स्वतःच्या तळव्यात खुपसली.

"आयाई गं! मेलो!"

अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. मोडक्या बोटानं मैदान मारलेला हा माणूस एका पायावर नाचत होता.

"हं. आता ह्येची पाळी."

बाईंनी कसंबसं हसू दाबलं, नवी टाचणी काढली आणि संताजीला टोचली.

संताजीचा जबडा पुन्हा आवळला, मग सुटला.

"आई गं!"

दुसरा पाय.

"आई गं! बाई, लई दुकतंय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं शिट्टी मारली.

बाईंनी नवी नोंद केली. "उद्यापासून व्यायाम. आणि त्या आगीवर औषधही देते. सोसत बसायचं नाही."

संताजी हसत होता, रडत होता. मग एकाएकी त्याचा चेहरा पडला.

"पर वस्ताद... तालमीत कुनी इचारलं तर काय सांगू?"

वस्ताद तळवा चोळत म्हणाले, "सांग, वस्ताद आदी वरडला."