महाराजांच्या दंडावरचे वळ

भाविकहो, निवांत महाराजांचा मुक्काम तेव्हा बोरखडी गावी, ओढ्याकाठच्या मठीत होता. मठी सारवायला रोज भागूबाई येई. नवरा मागेच वारलेला, पदरी एकुलती एक यमी, सहा वर्षांची. तीच यमी एके सकाळी ज्वारी राखताना शेतातल्या उंच माळ्यावरून पडली अन् तिचा हात कोपरातून निखळला!

गावात हाडं बसवणारे नरहरी वैद्य. हाताला गुण मोठा, पण ताठाही तेवढाच. आईला बाहेर काढायचं आणि चार गड्यांनी पोराला दाबून धरायचं, ही त्यांची रीत. भागूबाई यमीला घेऊन आली, जवळ राहू द्या म्हणून गयावया करू लागली, तर म्हणाले, "पोरांचं दुखणं रडण्यापुरतं! घटकेत विसरतात."

गड्यांनी दाबून धरताच यमीनं असा टाहो फोडला, की हात लाकडासारखा ताठला. हाड बसेना. बोटं निळी पडू लागली. "आता नाही बसलं, तर हात गेला," वैद्य म्हणाले.

भागूबाई मठीकडे धावली. पाहते तो महाराज स्वतःचाच दंड धरून कण्हताहेत! महाराज म्हणाले, "भागू, फार दुखतंय गं. यमीला फुंकर घालायला सांग."

भागूबाईला काही सुचेना. पोर तिकडे तडफडतेय, आणि ज्यांना देव मानलं तेच फुंकर मागतात? रडावं की रागवावं? पण महाराज उठून वैद्यांच्या घराकडे चालूही लागले होते.

"घ्या! एकाचे दोन रोगी झाले!" वैद्य हसले.

महाराजांनी गड्यांना बाजूला सारलं, यमीला आईच्या मांडीवर दिलं, दंड पुढे केला. "यमे, बाऊ झालाय बघ."

यमी हुंदके देत बघत राहिली. मग तिनं फुंकर घातली. पुन्हा घातली. फुंकता फुंकता तिचा हात सैल पडला. महाराजांनी खूण केली. वैद्य गोंधळले, पण हात सवयीनं पुढे झाले. कट्! हाड बसलं.

"दुखलं का गं?" भागूबाईनं विचारलं.

"मला नाही. महाराजांना दुखतंय."

वैद्यांनी पाहिलं. महाराजांच्या दंडावर गड्यांची बोटं उमटली होती, मनगटावर खुद्द वैद्यांच्या अंगठीचा वळ! त्यांनी तर महाराजांना शिवलंही नव्हतं. यमीच्या हातावर डागसुद्धा नव्हता.

वैद्य पायांवर कोसळले. "महाराज, आजवर किती पोरं अशी धरली मी!"

"गुण तुमच्याच हाताला आहे, वैद्यबुवा. आईला तेवढं जवळ राहू द्या."

वैद्यांना रडू आवरेना. भागूबाईला अजूनही नीटसं उमगलं नव्हतं. यमी मात्र खाली वाकली आणि वैद्यांच्या हातावर तिनं हळूच फुंकर घातली.