शमुवेलभाऊचं आमेन

फार जुनी गोष्ट आहे बरं का. इतकी जुनी, की तेव्हा जे डास माणसांना चावले, त्यांचे खापरपणतूसुद्धा आता उरले नसतील.

एका गावात शमुवेलभाऊ नावाचा ख्रिस्ती माणूस राहायचा. माणूस चांगला, खोड एकच. प्रार्थनेला उभा राहिला की खाली बसायचा नाही. सृष्टीच्या निर्मितीपासून सुरू करायचा. नोहाचं तारू येईस्तोवर पोरं पेंगायची. इस्राएल लोक समुद्र ओलांडेस्तोवर म्हाताऱ्या घोरायला लागायच्या. खुद्द पाळकसाहेब एक डोळा हळूच उघडून, प्रार्थनेनंतरच्या जेवणासाठी शिजवून ठेवलेल्या भाताच्या पातेल्याकडे बघायचे.

सगळ्यांना वाटायचं, याला मिरवायची हौस. पण आतली गोष्ट वेगळीच होती. एवढं बोलूनही पलीकडून कुणी ऐकतंय, असं शमुवेलभाऊला कधी वाटलंच नव्हतं. म्हणून तो आणखी बोलायचा. बंद घराचं दार कुणी उघडेना की माणूस कसा धडाधडा ठोकत सुटतो, तसं.

एकदा चर्चच्या मंडळीतली काही माणसं आठवड्याभरासाठी डोंगरापल्याडच्या वाडीत सेवेला निघाली. तिथल्या चिमुकल्या ख्रिस्ती देवळाचं छप्पर शाकारायचं, पोरांना गाणी शिकवायची, घरोघरी प्रार्थना करायची. शमुवेलभाऊ सगळ्यांच्या पुढे.

"प्रार्थना कशी असते ते दाखवतोच त्यांना!" तो म्हणाला.

"अरेरे, बिचारी वाडी," कुणीतरी मागून पुटपुटलं.

पाळकसाहेबांनी मात्र त्याला कडकडून मिठी मारली. आठवडाभर गरम भात मिळणार होता ना!

वाडीत त्याचा मुक्काम हन्नाआजीकडे पडला. आजी एकटी. नवरा देवाघरी गेलेला. घरात एक चूल, गोठ्यात एक गाभण म्हैस. त्या म्हशीवरच आजीचं सगळं चालायचं.

पहिल्याच जेवणाला शमुवेलभाऊनं डोळे मिटले. "हे सनातन, सर्वसमर्थ पित्या, तू प्रकाश निर्माण केलास, तू आकाश ताणलंस, तू समुद्रातले मासे..."

"आमेन!" म्हणून आजीनं भाकरी मोडली.

"अहो आजी, मी अजून माशांपर्यंतच आलोय!"

"माझं बी मासंच हायेत, आन ते गार व्हायलेत. जेव गुमान."

मग रोज तेच. छपरावर चढून तोंड उघडलं की खालून आरोळी, "आमेन! ती गवताची पेंढी दे इकडं!" आजाऱ्याच्या उशाशी बसला तर आजारीच म्हणायचा, "आमेन. भाऊ, जरा पाणी देता का?" सुखानं एक प्रार्थना संपवू देतील तर शपथ! शमुवेलभाऊ पार वैतागला. काय माणसं आहेत! यांना देवाशी बोलायला वेळ नाही आणि आपण डोंगर चढून आलो! कधी एकदा घरी जातो असं त्याला झालं.

निघायच्या दिवशी सकाळी त्यानं बोचकं बांधलं, तेवढ्यात गोठ्यातून आजी ओरडली, "भाऊ, धाव रं! म्हस अडली!"

म्हैस आडवी पडून धापा टाकत होती. रेडकाचे दोन पाय बाहेर आलेले, बाकीचं काही पुढे सरकेना. वाडीतली सगळी माणसं लांब रानात गेलेली, सोबत आलेली मंडळी पुढे वाटेला लागलेली.

"मला काय बी येत न्हाई," आजी म्हणाली. "समदं म्हातारा करायचा. ही गेली तर मी संपले. प्रार्थना कर बाबा!"

अखेर मागितलीच! शमुवेलभाऊ ताठ उभा राहिला. "हे सनातन पित्या, आरंभी तू आकाश व पृथ्वी..."

"अरं मर्दा!" आजी कडाडली. "देवानं समदी दुनिया सा दिवसांत केली, तुला नुसतं सांगायला किती लागत्यात? पाय धर!"

त्यानं पाय धरले. म्हशीला कळ आली की दोघं मिळून ओढायचे. तो घसरला, शेणात बसला, परत उठला. हात सुटत होते. म्हैस आता हंबरतही नव्हती. आजी रडत होती. आणि शमुवेलभाऊच्या डोक्यातली सृष्टी, तारू, समुद्र, सगळं कुठल्या कुठे गेलं. एवढंच उरलं,

"बापा, मला जमत नाही. तू ये."

पुढच्या कळेला रेडकू सरकन बाहेर आलं. पण हलेना. त्यानं आपल्या धुवट सदऱ्यानं त्याचं नाक पुसलं, गवतानं अंग चोळलं. तोंडात तेच, "ये ना रे बापा." आणि रेडकू शिंकलं! थेट त्याच्या तोंडावर.

शमुवेलभाऊ तिथंच शेणात बसून रडला. गोठ्यात आपण दोघंच नव्हतो, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"आमेन म्हण की आता," आजी डोळे पुसत म्हणाली. "आता न्हाई मधी तोडत."

गावी परतल्यावर पाळकसाहेबांनी त्याला प्रार्थनेला उभं केलं. पोरांनी वेळ घालवायला चघळायच्या चिंचा काढल्या. म्हाताऱ्यांनी भिंतीला पाठी टेकल्या. 

शमुवेलभाऊनं डोळे मिटले. "बापा, तू ऐकतोस. तुझे उपकार. आमेन."

आणि खाली बसला.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. त्याच्या लांबलचक प्रार्थनेच्या भरवशावर आत तांदूळसुद्धा धुतलेले नव्हते. मग मागच्या कोपऱ्यातून, वर्षानुवर्षं घोरत आलेली एक म्हातारी टक्क जागी राहून मोठ्यानं म्हणाली, "आमेन!"

तर बाळांनो आणि बाळांच्या आज्यांनो, लक्षात ठेवा: देवाला हाक मारायला थोर शब्द लागत नाहीत, खरी नड लागते, आणि ती कळायला कधीकधी आपलं घर सोडून दुसऱ्याच्या गोठ्यात जावं लागतं.