ओढ्यापलीकडचे ओरखडे

एका जंगलाच्या मधोमध एक ओढा वाहत असे आणि त्याच्या पलीकडच्या उतारावर, जुन्या वारुळाशेजारच्या बिळात, एक साळू म्हणजे साळिंदरीण आपल्या दोन पिल्लांसह राहत असे. जंगलाचा राजा वाघ होता. मुलांनो, वाघ राज्य कसे करतो ठाऊक आहे का? तो काही दिवसभर डरकाळ्या फोडत बसत नाही. आपल्या हद्दीतल्या झाडांच्या खोडांवर तो पंजे मारून ओरखडे काढतो. ताजा ओरखडा दिसला की सगळ्यांनी समजायचे, इथे राजाचा कायदा चालतो, इथे कोणी कोणाला छळायचे नाही. ओरखडा जुना होऊन सालीने भरून आला की राजा पुन्हा येऊन नवा काढतो. त्या जंगलाची अशी रीतच होती.

एके वर्षी ओढ्यापलीकडे रानकुत्र्यांची एक टोळी शिरजोर झाली. टोळीचा म्होरक्या खडकावर चढला आणि म्हणाला, "आजपासून ओढ्यापलीकडचं जंगल वेगळं! इथला राजा वेगळा, कायदा वेगळा. ज्याला पटत नसेल त्यानं ओढा ओलांडून चालतं व्हावं." तिथल्या सशांना, मोरांना, साळिंदरांना कोणी विचारले होते का? छे! विचारले तर उत्तर ऐकावे लागते, आणि असल्या पुढाऱ्यांना नेमके तेच नको असते. मग टोळीने दहशत सुरू केली. रानकुत्री भुंकत नाहीत, शीळ घालतात. शीळ ऐकू आली की त्या दिवशी कोणाच्या तरी घरी रडारड ठरलेली. एका तरुण वानराने झाडावरून धोक्याची हाक दिली, तर दुसऱ्याच दिवशी त्याच्या आईला पाणवठ्यावर गाठून त्यांनी तिचा जीव घेतला. तेव्हापासून वानरांनी हाक देणेच सोडले. त्याच हिवाळ्यात साळूचा नवराही गेला. तो बिचारा एवढेच म्हणाला होता, "मी याच जंगलात जन्मलो. त्याचे दोन तुकडे कशाला?"

राजाच्या कानावर हे गेले नव्हते असे नाही. पण त्याचा प्रधान होता बगळा. एका पायावर उभे राहून वाट पाहण्यात ज्याचा जन्म गेला, तो दुसरा सल्ला काय देणार? "थांबावं महाराज," तो म्हणे. "पलीकडच्या झाडांवर पंजे मारलेत तर ती रानकुत्री चिडतील. दुर्लक्ष केलंत तर आपोआप थंड होतील." राजालाही ते सोयीचे वाटले, कारण पलीकडचा उतार चढणीचा आणि काटेरी होता. वर्षभर तिकडे एकही नवा ओरखडा उमटला नाही. टोळीने आंब्याची राई मागितली, राजाने दिली. मग खारट मातीचे चाटण मागितले, तेही दिले. उन्हाळ्यात ती माती चाटल्याशिवाय हरणा-सांबरांना चैन पडत नाही, तरीही दिले. मला तर या राजाचा रागच येतो. प्रत्येक वेळी काहीतरी मिळाले की टोळी थोडे दिवस गप्प बसे आणि मग आणखी पुढे सरके.

शेवटी टोळी साळूच्या दाराशी आली. म्होरक्या म्हणाला, "परवा सूर्य मावळायच्या आत बीळ रिकामं कर. नाही केलंस तर पिल्लांची जबाबदारी आमच्यावर नाही." पिल्ले पंधरा दिवसांची होती. अंगावरचे काटे अजून गवतासारखे मऊ होते. त्यांना घेऊन ओढा पोहून जाणे शक्य नव्हते आणि सोडून जाणे त्याहून शक्य नव्हते. साळूने बिळाच्या तोंडाशी दगड लोटला आणि ती एकटीच ओढ्याच्या अलीकडे आली.

अलीकडच्या काठावर एक वनहित मंडळ होते. एक म्हातारा वानर, काही चितळ आणि एक कासव रोज सकाळी जांभळाखाली जमत आणि ठराव करत. तोवरचा त्यांचा सर्वांत मोठा ठराव म्हणजे पिण्याच्या पाण्यात कोणी लोळू नये, आणि रानडुकरे तोही मानत नसत. पण साळूची हकिगत ऐकली आणि कोणालाच ठराव सुचेना. एक तरुण चितळ तेवढा पाय आपटून म्हणाला, "पलीकडचे सगळेच हाकलून लावा! कटकट मिटेल!"

"बाळा," साळू म्हणाली, "मीसुद्धा पलीकडचीच आहे."

चितळाने मान खाली घातली. म्हातारा वानर उठला आणि म्हणाला, "चला, राजाकडे जाऊ. आजच जाऊ. उद्याचा विषय म्हणून ठेवायची ही गोष्ट नाही."

राजा आपल्या गुहेसमोर बसला होता, शेजारी बगळा एका पायावर. वानर हात जोडून म्हणाला, "महाराज, आम्ही कोणाचं रक्त मागायला आलो नाही. पलीकडच्या झाडांवर तुमचे ओरखडे मागायला आलो आहोत. ते दिसेनासे झाले आणि टोळीला वाटलं, हे रान बेवारस आहे. तिथल्या गरीब जनावरांनाही तसंच वाटायला लागलंय."

"पण टोळी चिडली तर?" राजाने विचारले.

साळू पुढे आली. "महाराज, न चिडताच त्यांनी माझा नवरा मारला. चिडून आणखी काय करणार?"

बगळा घसा साफ करून म्हणाला, "तरीही थोडी वाट पाहावी, असं मला..."

"प्रधानजी," साळू म्हणाली, "तुम्ही वाट पाहता ती माशाची. मी परवाच्या संध्याकाळची पाहतेय."

बगळ्याने दुसरा पाय खाली टेकवला. राजाचा चेहरा शरमेने उतरला, पण तो राजा होता, लगेच कबूल कसा करणार? तो म्हणाला, "वर्षभरात एक हाक माझ्यापर्यंत आली नाही. टोळी जाळीत दडते. मी एकटा तिथं जाऊन कोणाला शोधू? हाक कोण देणार?"

सगळ्यांनी म्हाताऱ्या वानराकडे पाहिले. पाणवठ्यावर मारली गेली ती त्याचीच मुलगी होती. तो राजापुढे येऊन उभा राहिला. मग तो म्हणाला, "मी देतो. पण एक लक्षात ठेवा महाराज, मी हाक दिली आणि तुम्ही आला नाहीत, तर या जंगलात पुन्हा कोणी हाक देणार नाही."

"येईन," राजा म्हणाला. बगळ्याकडे त्याने या वेळी पाहिलेसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन वर यायच्या सुमारास राजाने ओढा ओलांडला. मागोमाग सगळे मंडळ निघाले. कासव अजून पाण्यातच होते. पहिल्याच ऐनाच्या झाडापाशी राजा मागच्या पायांवर उभा राहिला आणि त्याने खोडावर वरपासून खालपर्यंत पंजे ओढले. सालीचे तुकडे उडाले. मग दुसरे झाड, मग तिसरे. तेवढ्यात शीळ वाजली. आणि उंच फांदीवरून म्हातारा वानर जिवाच्या आकांताने ओरडला, "खक्! खक्! करवंदीच्या जाळीत दोन आहेत!"

राजा थेट जाळीकडे गेला. हे पाहून पलीकडची वानरे, जी वर्षभर तोंड मिटून बसली होती, ती एकेक करून बोलू लागली. "खडकाच्या मागे तीन!" "म्होरक्या चाटणापाशी आहे!" मोर ओरडले, चितळांनी साद दिली. लपून घेराव घालायचा, एकेकाला गाठायचे, हीच टोळीची रीत. आता लपायला जागाच उरली नाही. जिथून हाक येई तिथे राजा पोचत होता.

म्होरक्याने सूर बदलला. "महाराज, आपण बोलणी करू."

"करू," राजा म्हणाला. "आधी चाटण सोड. घेतलेल्या जिवांचा जाब दे. मग बोलू."

म्होरक्याने मागे पाहिले, तर टोळीतली निम्मी कुत्री शेपूट पायांत घालून खाली बसली होती. त्यातली कित्येक नुसती भीतीने टोळीत आली होती. ज्यांनी जीव घेतले होते त्या चौघांना, म्होरक्यासकट, राजाने डोंगरापलीकडे हद्दपार केले. त्या उन्हात ती चौघे मागे वळून न पाहता निघून गेली. उरलेल्यांना राजा म्हणाला, "तुम्ही इथंच राहा. हे रान तुमचंही आहे. पण शीळ घालून कोणाला भिववलंत, तर मी लगेच येईन." तरुण चितळ थोडा कुरकुरला, पण साळूने त्याच्याकडे पाहिले आणि तो गप्प झाला.

मग काय आनंद झाला म्हणून सांगू! चाटणावर हरणा-सांबरांची झुंबड उडाली. ससे उगीचच इकडून तिकडे पळत सुटले. साळू बिळाकडे धावली, तिने दगड बाजूला केला आणि पिल्ले धडपडत बाहेर आली. तिला रडूच फुटले. कासव तेव्हा कुठे पोचले आणि धापा टाकत विचारू लागले, "कधी सुरू करायचं?" बगळा मात्र ज्याला त्याला सांगत होता, "पाहिलंत, आपण धीर धरला म्हणून निभावलं."

परत जाताना राजा बिळापाशी थांबला. "आता सुटल्यासारखं वाटतंय ना?"

"वाटतंय महाराज, खूप वाटतंय," साळू डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही हिवाळ्यात आला असता, तर या दोघांनी बापाला पाहिलं असतं."

राजाने मान लववली आणि तो निघून गेला. पण त्यानंतर पलीकडच्या उतारावर तो दर पंधरा दिवसांनी न बोलावता येऊ लागला. साळू त्या दुपारी बिळाच्या तोंडाशी आडवी झाली, पिल्लांना तिने कुशीत घेतले, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच ती अंगावरचे काटे मिटवून गाढ झोपली.

तात्पर्य : दहशतीपुढे राज्यकर्ता मागे सरला की त्याची किंमत निरपराध लोक मोजतात. म्हणून राज्यकर्त्याने न्यायाने आणि ठामपणे वेळीच उभे राहावे, आणि प्रजेने भीती बाजूला ठेवून त्याला तसे उभे राहायला सांगावे.