साहेबांसमोर आलेली भिंत

तालुक्याच्या एका गावात बांधकामाची अपिलं ऐकणारी कचेरी होती, आणि त्या कचेरीत नथू नावाचा एक भोळा शिपाई होता. सांगितलं तेवढंच करायचा. तेवढं मात्र अगदी पुरतं करायचा.

कचेरीचे साहेब रणपिसे. महामारी आली तसं साहेबांना हायसं वाटलं. जागेवर जाऊन पाहणी करायला नको, उन्हात उभं राहायला नको.

तेव्हा सरूबाईचं अपील पडून होतं. तिच्या घराकडे जायला एकच बोळ. त्याच्या तोंडाशी उत्तमशेठ ठेकेदारानं भिंत घातली होती, परवानगीचा कागद खिशात घालून. बासष्टीची सरूबाई रोज शिडी लावून हंड्यासकट भिंत ओलांडायची. साहेबांनी एकदा येऊन बघावं, एवढंच तिचं मागणं होतं.

साहेबांनी नथूला बजावलं की साथ आहे, उद्यापासून बाहेरून येणाऱ्या कुणालाही आत घ्यायचं नाही.

"बरं साहेब. ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी साहेब घरून, म्हणजे बाहेरून आले. नथूनं दार उघडलं नाही. तासाभरानं साहेब खिडकीतून आत आले, विजार फाडून. म्हणाले, साहेबाला आत घ्यायचं असतं, पक्षकारांना नाही. त्यांची सुनावणी पडद्यावर घ्यायची.

"बरं साहेब. ध्यानात ठेवतो."

तारखेला नथूनं घरचा फुलाफुलांचा पडदा आणून व्हरांड्यात टांगला आणि दोघांना त्यावर चढायला सांगितलं. सरूबाईला चढायची सवय होती. उत्तमशेठ मात्र दांडीसकट खाली आला.

साहेबांनी कपाळ बडवलं. पडदा म्हणजे मोबाईलचा. आणि मोबाईलवर जो बोलत नसेल, त्याचा आवाज बंद ठेवायचा.

"बरं साहेब. ध्यानात ठेवतो."

पुढची सुनावणी मोबाईलवर झाली. सरूबाई बोलली, उत्तमशेठ बोलला. साहेब बोलत नव्हते. डोळे मिटून ऐकत होते, मान छातीवर टाकून. नथूनं त्यांचा आवाज बंद केला. शेवटी साहेब दचकून जागे झाले आणि त्यांनी निकाल सांगितला. ओठ हलले. काय ठरलं ते कुणालाच कळलं नाही, आणि पुन्हा विचारलं तर साहेबांनाही आठवेना. म्हणून पुढची तारीख पडली. सरूबाई पुन्हा शिडी चढली.

आता साहेब खरोखर चिडले.

"तुझं डोकं चालवू नकोस," ते म्हणाले. "मी जागेवर जाणार नाही. पाहणी इथे बसूनच करणार. जे वादाचं आहे, ते जसंच्या तसं माझ्यासमोर आलं पाहिजे."

तसा हुकूम लिहून त्यांनी शिक्काही मारला. साहेबांच्या मनात फोटो होते. मनातलं नथूला कसं दिसणार?

सकाळी नथू दोन गवंडी आणि एक ट्रॅक्टर घेऊन बोळाशी गेला. वादाची होती भिंत. ती त्यांनी उतरवली, एकेका विटेवर खडूनं आकडा घालून. उत्तमशेठ साथीच्या भीतीनं घराबाहेर पडत नव्हता. शेजारीपाजारी बघत राहिले, पण शिक्क्याचा कागद हातात धरून सरकारी माणूस पाडतोय म्हटल्यावर विचारतो कोण? सरूबाई आधी घाबरली. मग ट्रॅक्टर गेल्यावर हंडा घेऊन बोळातून नुसती चालत नळापर्यंत गेली, परत आली, आणि काही कारण नसताना पुन्हा एकदा गेली.

इकडे साहेब आपल्या खोलीत वरिष्ठांच्या मोबाईलवरच्या बैठकीत होते. कानात हेडफोन, दाराकडे पाठ. बैठक चार तास चालली. तेवढ्यात गवंड्यांनी आकड्याला आकडा जुळवून भिंत उभी केली. साहेबांसमोर आली पाहिजे म्हणून अगदी खोलीच्या दारातच, चौकटीला विटा भिडवून. जसंच्या तसं.

बैठक संपली. साहेबांनी हेडफोन काढले, वळले, आणि बराच वेळ विटांवरचे आकडे वाचत राहिले. खिडकीलाही आता गज होते, ते त्यांनी स्वतःच बसवून घेतले होते.

"नथ्या," आतून आवाज आला, "माझी वाट अडली आहे. ही भिंत पाड."

नथू विचारात पडला. डोकं चालवायचं नव्हतं. त्यानं भिंतीच्या वरच्या फटीतून एक कोरा फॉर्म आत सरकवला.

"साहेब," तो म्हणाला, "अपील करा. पाहणीला मात्र सध्या कुणी येत नाही."