आपले की परके?

एका गावात एक भोळा दवंडीवाला होता. त्याचं नाव सटवा. गाव लहान, पण राजधानीचं, कारण राजा तिथंच राहायचा. राज्यही बेताचंच होतं. मधून नदी वाहायची. अलीकडे राजवाडा, बाजार आणि भैरोबाचं देऊळ. पलीकडे सागाचं रान, थोडी वस्ती आणि भैरोबाच्या बायकोचं, म्हणजे जोगूबाईचं देऊळ. दोन काठांना जोडणारा एक लाकडी साकव होता, तो पुरात वाहून गेला होता.

त्या राज्यात एक रीत होती. हलगीवर थाप मारून दवंडीवाला जे बोलेल तो राजाचा शब्द. तो मागे घ्यायचा नाही, खुद्द राजानंसुद्धा. ही रीत पडली तेव्हा दवंडीवाला कुणी शहाणा माणूस असणार. पुढं हलगी वंशपरंपरेनं सटवाकडे आली आणि शहाणपण वाटेत कुठंतरी राहिलं.

सटवा वाईट नव्हता. सांगाल ते करायचा. सांगाल तेवढंच आणि सांगाल तसंच.

त्याची बायको धुरपा पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, पलीकडच्या काठाला. ती गेली आणि तिच्यामागून साकव गेला. यथावकाश बाळ झालं. धुरपाच्या भावानं, हैबतीनं, ते दुपट्यात गुंडाळून काठावर आणलं आणि उंच धरून दाखवलं. एवढ्या लांबून सटवाला नुसतं दुपटं दिसलं. पट्टीचे पोहणारे नदी पार करायचे, पण सटवाला पोहता येत नव्हतं आणि बाळाला तर नव्हतंच. त्यानं दुपट्यालाच हात हलवला आणि घरी येऊन पोटभर रडला.

दुसऱ्या दिवशी तो दिवाणजींकडे गेला. "साकव कवा व्हनार, जी?"

"होईल, होईल," दिवाणजी म्हणाले. "आधी ही दवंडी दे. शेजारच्या राजाच्या मुलीचं लग्न आहे. मांडवासाठी आपले महाराज गाड्या भरभरून सागवान पाठवताहेत. परमुलखात महाराजांचं नाव होणार आहे. हे खणखणीत सांग. फक्त साकवाचं नाव काढू नकोस."

सटवा भरबाजारात उभा राहिला. हलगीवर थाप पडली.

"ऐका हो ऐका. महाराज शेजारच्या राजाला मांडवासाठी सागवान देत्यात हो. गाड्या भरभरून देत्यात हो. आन् साकवाचं नाव काढायचं न्हाई असं दिवाणजींनी बजावलंय, म्हनून मी ते काढत न्हाई हो."

मग एक भाजीवाली म्हणाली, "कोन्त्या साकवाचं रं?"

"जो व्हाऊन गेला त्येचं. पर मी नाव काढलेलं न्हाई, मावशे."

झालं. बाजार खवळला. बातमी ओरडत ओरडत नदीपलीकडे पोचली आणि पलीकडचे तर पेटलेच. लाकूड आपल्या रानातलं, मांडव परमुलखात, आणि आपण बाजाराला पोहत जायचं? नको आपल्याला हे राज्य, आपण आपलं वेगळं होऊ, असं ते उघड म्हणायला लागले. अलीकडच्या म्हाताऱ्या माणसांना घोर लागला. राज्य फुटलं तर भैरोबा एका मुलखात आणि जोगूबाई दुसऱ्या मुलखात. सटवाला भैरोबाची फार दया आली. दोघांचं दुखणं एकच होतं.

दिवाणजींनी त्याला बोलावून घेतलं. त्याला नोकरीवरून काढावं असं त्यांच्या मनात आलं होतं. पण काढायचं तर तशी दवंडी द्यावी लागणार, आणि ती सटवालाच द्यावी लागणार. तो ती कशी देईल याचा काही भरवसा नव्हता.

"अरे, लोक चिडून आले की हात जोडावेत," दिवाणजी म्हणाले. "गोड हसून म्हणावं, धीर धरा, पुढच्या वर्षी नक्की होईल. एवढं साधं कळत नाही?"

"चुकलंच माझं, जी. पुढल्या येळी तसंच करीन."

आणि सटवा करीन म्हणाला की करायचाच.

थोड्याच दिवसांत शेजारच्या राजाचा वकील पालखीतून आला, तोच चिडलेला. मांडव झाला होता, पण लग्नाला तूप कमी पडणार होतं. दारात सटवा होता. त्यानं चिडलेला माणूस पाहिला, हात जोडले आणि गोड हसला.

"धीर धरा. पुढच्या वर्षी नक्की होईल."

लग्न परवावर आलं होतं. वकिलानं पालखी तशीच फिरवली. दिवाणजी अनवाणी पालखीमागं धावले आणि मागितल्याच्या दुप्पट तूप देऊन त्यांनी वकिलाला शांत केलं. परत आले ते धापा टाकतच.

"गाढवा, ते आपल्या माणसांना म्हणायचं असतं. परक्यांना म्हणायचं, मागाल ते न्या, सगळं तुमचंच आहे. आधी विचारावं, आपले की परके? मग बोलावं."

"म्हंजी आपल्यांना धीर आन् परक्यांना तूप."

दिवाणजींना ते ऐकायला बरं वाटलं नाही, पण चूकही काढता येईना. "तसंच समज," ते म्हणाले.

"चुकलंच माझं, जी. पुढल्या येळी तसंच करीन."

पुढची वेळ लगेच आली. भरदुपारी धान्याच्या कोठाराशी चार जण रिकामी गाडी घेऊन आले. तोंडाला फडकी बांधलेली. सटवा पुढं झाला.

"आपले की परके?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. "परके," एक जण म्हणाला. "अगदी परके."

सटवानं हलगीवर थाप मारली. "मागाल ते न्या. सगळं तुमचंच हाय." मग त्यानं पोती चढवायला हात लावला. एकाच्या पाठीत उसण भरली, तर त्याला तेल चोळून दिलं. चोर जाताना त्याच्या पाया पडून गेले.

दिवाणजींनी चोरांमागं सोडायला शिपाई बोलावले आणि तसेच परत पाठवले. हलगी वाजली होती. शब्द राजाचा झाला होता.

"अरे, ते चोर होते," दिवाणजी कपाळाला हात लावून म्हणाले. "खरे परके असे येत नाहीत. ते तुतारी वाजवत येतात. त्यांचा स्वतःचा झेंडा असतो. आल्याबरोबर ते आधी महाराजांची स्तुती करतात. हे सगळं पाहावं आणि मगच बोलावं."

"चुकलंच माझं, जी. पुढल्या येळी तसंच करीन."

त्या संध्याकाळी सटवा नदीवर गेला. पलीकडच्या काठावर सगळी वस्ती जमली होती. हैबतीनं हातांचा कर्णा करून हाक मारली.

"दाजी, सांगा तुमच्या राजाला. आमी येगळं व्हनार. मारामारी झाली तरी बेहत्तर."

हैबतीशेजारी धुरपा उभी होती, तिच्या कडेवर दुपटं होतं. सटवा दगडावर बसला आणि जन्मात पहिल्यांदा त्यानं विचार केला. आपल्यांना धीर. परक्यांना तूप. मग तो उठला.

"हैबती, मारामारी कशापायी? झेंडा हाय का तुमच्याकडं?"

"झेंडा?"

"झेंडा करा. तुतारी घ्या. उद्या राजवाड्यावर या, आधी महाराजांची स्तुती करा, मंग साकव मागा. न्हाई म्हनायची रीतच न्हाई."

पलीकडचे चकित झाले. फुटून निघायला डोकी फुटावी लागतात अशी त्यांची समजूत होती.

दुसऱ्या दिवशी तुतारी डोक्याला बांधून ते पोहत आले. झेंडा धुरपाच्या हिरव्या लुगड्याचा होता, थोडा ओला. राजवाड्याच्या दारात त्यांनी तुतारी वाजवली, महाराजांचा जयजयकार केला, तेव्हा सटवानं विचारलं, "आपले की परके?"

"कालपातूर आपले. आता परके."

थाप पडली. "मागाल ते न्या. सगळं तुमचंच हाय."

आवाज ऐकून महाराज बाहेर आले. हैबतीनं त्यांना सूर्य म्हटलं, कल्पवृक्ष म्हटलं आणि आणखी सुचेल ते म्हटलं, मग साकव मागितला. दिवाणजी महाराजांच्या कानाशी लागले, "महाराज, ही आपलीच माणसं." पण इतकी स्तुती आपल्या माणसांनी कधी केली नव्हती, तेव्हा महाराजांना ते पटेना. "दिवाणजी," ते म्हणाले, "परमुलखात आपलं नाव आहे. ते राखलं पाहिजे."

मांडवाला देऊन अंगणात उरलेलं सगळं सागवान नदीकडे गेलं. साकव बघता बघता उभा राहिला. त्यावरून पहिला धावला तो सटवा. बाळ हातात घेऊन त्यानं दुपटं बाजूला केलं. मुलगी होती, आणि नाक त्याच्यावर गेलं होतं. त्याला इतका आनंद झाला की मायलेकींना घरी आणताना तो हलगी पलीकडेच विसरला आणि ती आणायला परत गेला.

पण अलीकडच्यांना डोळे होतेच की. आठवडाभरात कुंभार आळी परकी झाली आणि विहिरीला नवा रहाट घेऊन गेली. मग कोष्टी आळी परकी झाली. गुरवानं भैरोबाला परका केला आणि देवळावर कौलं घालून घेतली. राजवाड्याच्या आचाऱ्यानं पळीला झेंडा बांधला. शेवटी एक दिवस स्वतः दिवाणजी आले. त्यांना तुतारी नीट वाजवता येत नव्हती, पण स्तुती फार सुरेख जमली. दरवेळी सटवा विचारायचा, पाहायचा आणि मगच थाप मारायचा. यावेळी आपलं काही म्हणजे काही चुकलं नाही, असं त्यानं धुरपाला सांगितलंसुद्धा.

मग एका दुपारी राजवाड्यात कुणीच उरलं नाही. महाराजांनी हाका मारल्या. पाट मांडायलाही माणूस नव्हता. पोटात कावळे ओरडायला लागले, तेव्हा ते स्वतः चालत कोठीवर गेले. कोठीत तांदळाचं एक पोतं आणि तुपाचं एक गाडगं शिल्लक होतं. दारात मांडीवर लेक घेऊन सटवा बसला होता. महाराजांना पाहून तो उठून उभा राहिला.

"सटवा," महाराज म्हणाले, "थोडा भात आणि तूप काढ रे. भूक लागली आहे."

"व्हय जी. आपले की परके?"

महाराजांना त्या भुकेतही राग आला. त्यांनी छाती पुढं काढली. "अरे, मी इथला राजा. माझे आजेपणजे याच मातीत गेले. मी परका कसा असेन? मी आपलाच."

सटवाचा चेहरा उतरला. त्याला मनापासून वाईट वाटलं. त्यानं लेकीला हळूच खाली ठेवलं, हलगीवर थाप मारली, हात जोडले आणि गोड हसला.

"मंग धीर धरा, महाराज. पुढच्या वर्षी नक्की होईल."