न अडखळणारे साहेब

भाषणकलेच्या ऑनलाइन वर्गाचा पहिला दिवस. नव्या विद्यार्थ्यांना बाईंनी आपली ओळख करून दिली, "नमस्कार, मी मृ... मृ... मृदुला पेंढारकर."

लगेच निवृत्त अधिकारी त्र्यंबकराव गुप्ते यांनी माइक चालू केला. "अहो बाई, तुम्हाला स्वतःचं नाव धड घेता येत नाही आणि आम्हाला बोलायला शिकवणार? मी आयुष्यभर सभा गाजवल्या. एकदाही अडखळलो नाही!"

पडद्यावरचे सगळे चेहरे अवघडले. मृदुलाबाईंचे कान तापले, तरी त्या हसल्या.

"खरंय साहेब, आत्ताही तुम्ही क... कुठेच अडखळला नाहीत. फक्त एका ठिकाणी थांबायला हवं होतं. ते कुठे, हेच मी शि... शिकवते."

सगळा वर्ग खदखदून हसला. गुप्तेसाहेबांनी ओशाळून चष्मा पुसला.

"बोला बाई," ते म्हणाले, "मी थांबलो."