हाताएवढ्या यंत्रावरचा गड

एका गावात दोन बहिणी राहत. थोरली इतकी भित्री, की कुकरची शिट्टी झाली तरी दचकायची. धाकटी इतकी धीट, की आंब्याच्या फांदीवरून पडली तरी हातातली कैरी तिने सोडली नाही. कैरी वाचली, पाय मोडला.

आणि मोडला तोही नेमका पुनवेच्या तोंडावर.

त्या गावाला एकच वेड होतं, अजिंक्यगड नावाच्या खेळाचं. डोंगर, ढग, घोडे, सगळं अगदी खऱ्यासारखं, म्हणून तो चालवायला कपाटाएवढा कॉम्प्युटर लागे. गडाचा शेवटचा दरवाजा वर्षातून एकदाच, चैत्री पुनवेच्या संध्याकाळी उघडे; तोही पाच जणांनी एकदम हात लावला तरच. धाकटीची टोळी वर्षभर चढत चढत तिथवर पोचली होती. आता चौघे दरवाजापाशी आणि पाचवी खाटेवर, प्लास्टरातला पाय टांगून. उठून कॉम्प्युटरसमोर बसायची सोयच नव्हती.

थोरलीकडे मात्र मावशीने दिलेलं एक छोटं यंत्र होतं. दोन हातांत मावणारं. त्यावर ती पत्ते खेळे आणि झालं की रुमालात गुंडाळून ठेवी.

"ताई, यावर चालेल का गं अजिंक्यगड?"

थोरलीला काय ठाऊक? तिने धीर करून गावाच्या ग्रुपवर विचारलं. पूर्वी लोक पारावर बसून भांडत, आता ग्रुपवर भांडत, एवढाच फरक.

फोन असा टणटणायला लागला, की तिने तो उशीखाली घातला. मग हळूच काढून वाचला.

"हत्ती कधी तांब्यात बसतो का?" पंडिताने लिहिलं होतं. पंडित म्हणजे गावातल्या सगळ्यात मोठ्या कॉम्प्युटरचा मालक, आणि धाकटीच्याच टोळीतला. "सेकंदाला साठ चित्रं सरकली नाहीत तर तो खेळ नव्हे, चित्रांचं प्रदर्शन."

"आमच्या भाच्याच्या मेहुण्याकडे लोण्यासारखा चालतो," दुसऱ्याने ठोकून दिलं.

"त्या मेहुण्याने लोणी तरी पाहिलंय का कधी?"

"तुम्ही कपाट घेऊन बसलात, म्हणून जळताय."

"जळेल ते तिचं यंत्र. तापून भडका उडाला, तर पोरगी खाटेवरून पळणार कशी?"

तरी थोरलीने विचारलं, "तुमच्यापैकी कुणी स्वतः चालवून पाहिलंय का?"

पंडित म्हणाला, "पाहायची गरजच काय? आकडे बोलतात." आणि भांडण पुन्हा जोमात सुरू.

"ताई, त्यांचं ठरेपर्यंत माझा पाय बरा होऊन पुन्हा मोडेल," धाकटी म्हणाली. "उद्या पुनव आहे. घाल तो खेळ यंत्रात."

थोरलीने देवाचं नाव घेऊन खेळ घातला. किती चित्रं सरकतायत ते दाखवणारा आकडा कोपऱ्यात लावून घेतला, पंडित ज्या आकड्यांच्या गप्पा मारत होता तोच. घोडा दौडू लागला, आकडा घसरला. पन्नास, चाळीस, तीस. तिने घाबरून यंत्रच बंद केलं.

"का बंद केलंस?"

"आकडा पडला गं."

"मी पडले तेव्हा एवढी घाबरली नव्हतीस. घोडा नीट पळत होता की. तू पाहिलास तरी का?"

खरंच, घोडा तिने पाहिलाच नव्हता. तिने कपाळावरची टिकली काढली आणि पडद्यावरच्या त्या आकड्यावर चिकटवली.

मग दोघी कामाला लागल्या. यंत्रावरचा भार कमी व्हावा म्हणून खेळातल्या सावल्या काढल्या, गवत काढलं, ढग पुसून टाकले. "गड टकला दिसतोय," धाकटी खिदळली. पण टकल्या गडावर घोडा सुसाट पळत होता.

पुनवेची संध्याकाळ झाली. चार्जर लावला. यंत्र तापलं तसा थोरलीने विणलेला पंखा घेतला आणि मागून वारा घालू लागली.

"तू आलीस?" यंत्रातून पंडिताचा आवाज आला. "कशावर खेळतेस?"

"खाटेवर."

"बुडवणार तू आम्हाला."

दरवाजापुढचा राक्षस जागा झाला. त्याने सोटा उगारला आणि पडद्यावरचं चित्र थिजलं. सोटा हवेतच. थोरलीचा पंखाही हवेतच. आता आपटणार, गेली आपली धाकटी, वर्ष पाण्यात. बंद करावं का? हात बटणाकडे गेला.

"हात लावू नकोस, ताई. वारा घाल. दिसत नसलं तरी ऐकू येतंय."

आवाज अडकला नव्हता. राक्षसाचा श्वास घरघरत होता. तो थांबताच, सोटा आता येणार हे ओळखून, धाकटीने अंदाजानेच डावीकडे उडी घेतली. चित्र पुन्हा हललं तेव्हा सोटा उजवीकडच्या दगडात रुतला होता. थोरली बेभान होऊन वारा घालत होती आणि ओरडत होती, "पळ गं, पळ, पळ." पाच हात दरवाजाला लागले. करकर करत तो उघडला आणि आतला सोनेरी उजेड खाटेवर, प्लास्टरवर, थोरलीच्या घामेजल्या तोंडावर पडला. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. पाय दुखला, पण कळवळायला धाकटीला सवडच झाली नाही.

तेवढ्यात फोन टणटणला. थोरली दचकली, पण या खेपेला तिने तो उशीखाली घातला नाही.

"लोण्यासारखा चालला ना? सांगा त्या पंडिताला."

"मध्येच अडकला ना? खरं बोल, किती चित्रं सरकत होती?"

अर्ध्या गावाला तिच्याकडून 'हो' हवं होतं, अर्ध्याला 'नाही'. एका शब्दात ती कुणाची तरी लाडकी झाली असती. तिने लिहिलं, "राक्षसापाशी अडकला. सावल्या, गवत, ढग काढावे लागले. यंत्र तापलं, वारा घातला. चित्रं मोजली नाहीत. दरवाजा उघडला."

"बघा, अडकला," एक बाजू म्हणाली. "बघा, उघडला," दुसरी म्हणाली. आणि वाद पुन्हा रंगला.

"काय म्हणतायत?" धाकटीने विचारलं.

"चालेल की नाही, ते ठरवतायत अजून," थोरली म्हणाली. "सरक जरा, मलाही आतला महाल बघू दे."

तात्पर्य: जमेल की नाही हे आकड्यांना विचारत बसू नये. जमेल तेवढं करून पाहावं, आणि कुणी विचारलं तर जसं घडलं तसं सांगावं.